प्रपा, पोई आणि पाण्याचें यंत्र

रेल्वेच्या फलाटांवर, कांहीं बसस्थानकांवर आणि अलीकडे खेड्यांतूनहि नाणें टाकलें असतां मापून पाणी देणारीं यंत्रें उभीं राहिलीं आहेत, हें वाचकांस विदितच आहे. या यंत्रांसंबंधानें वृद्ध मंडळींत दोन विधानें वारंवार ऐकूं येतात. एक असें कीं, पैसा घेऊन पाणी देणारें यंत्र ही आमच्याच काळाची अपूर्व निपज आहे. आणि दुसरें असें कीं, पूर्वीं आपल्या देशांत पाणी सर्वांस फुकट मिळत असे. इतिहासाच्या अभ्यासकानें अशीं विधानें ऐकून नुसती मान डोलवणें बरें नव्हे. पहिलें विधान सुमारें एकोणीसशें वर्षांनीं चुकलेलें आहे. दुसऱ्यांतील ‘फुकट’ हा शब्द बहुतांशीं खरा आहे, ‘सर्वांस’ हा मात्र खरा नाहीं. या दोहोंचा विचार ज्या साधनांवरून करतां येतो तीं बहुतेक प्रसिद्धच आहेत. तीं शेजारीं शेजारीं ठेवून पाहावीं, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु.

इजिप्तांतील अलेक्झांड्रिया नगरांत हीरो नांवाचा एक यंत्रशास्त्रज्ञ होऊन गेला. त्याचा काल सामान्यतः इसवी सनाचें पहिलें शतक असा मानतात. वायु आणि पाणी यांच्या दाबावर चालणाऱ्या युक्त्यांवरील त्याचा ‘न्यूमॅटिका’ हा ग्रीक ग्रंथ उपलब्ध आहे. त्यांत देवळांत ठेवावयाच्या एका पात्राचें वर्णन आहे. पात्राच्या तोंडास एक फट असे. फटींतून पांच द्राख्मांचें नाणें टाकलें म्हणजे तें आंत बसविलेल्या आडव्या दांडीच्या टोंकावरील तबकडीवर पडे; त्याच्या भारानें तें टोंक खालीं जाई, दुसरें वर उचललें जाई, आणि त्याबरोबर पाण्याच्या नळीवरील झडप उघडे. तबकडी कलतां कलतां नाणें घसरून खालीं पडलें कीं दांडी पूर्ववत् होई व झडप मिटे. नाणें घसरण्यास जितका वेळ लागे तितकेंच पाणी भाविकाच्या पदरांत पडे. हें पाणी पिण्याचें नव्हे, शुद्धीसाठीं अंगास लावावयाचें होतें, हा भेद खरा. परंतु नाणें, माप आणि झडप हीं तिन्ही अंगें आजच्या यंत्राचींच आहेत. आमच्या नाणकसंग्राहक मित्रांनीं येथें एक गोष्ट लक्षांत घ्यावी. हीरोच्या दांडीस नाण्यावरील मुद्रा वाचतां येत नव्हती, तिला वजन तेवढें कळे. त्या वजनाचा शिशाचा तुकडाहि तिनें निमूटपणें गिळला असता!

अलेक्झांड्रियाचें नांव निघाल्यावर महाराष्ट्रांतील वाचकांस नाशिकचें स्मरण होणें साहजिक आहे. इजिप्तांतून निघालेलीं जहाजें त्याच शतकांत तांबड्या समुद्रावाटे भडोच, सोपारा व कल्याण या आपल्या बंदरांकडे येत असत. ‘पेरिप्लस’ या नांवानें प्रसिद्ध असलेल्या ग्रीक प्रवासग्रंथांत या किनाऱ्याच्या ज्या राजाचें नांव आलें आहे, तो क्षहरात नहपानच होय असें बहुतेक विद्वान् मानतात. या नहपानाचा जांवई उषवदात. नाशिकजवळच्या पांडवलेण्यांतील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यांत त्याचा जो प्रसिद्ध लेख आहे, त्यांत त्यानें केलेल्या दानधर्माची लांबलचक यादी दिली आहे: तीन लक्ष गायी, धर्मशाळा, बागा, तळीं, विहिरी. त्या यादींतच दमणा, तापी, दाहनुका इत्यादि नद्यांवर त्यानें नावांची फुकट उतारसोय केल्याचें व या नद्यांच्या दोन्ही तीरांवर ‘सभा’ आणि ‘प्रपा’ बांधल्याचें नमूद आहे. प्रपा म्हणजे वाटसरांस पाणी पाजण्याची जागा. कालाच्या दृष्टीनें पाहतां हा योग मोठा मौजेचा आहे. समुद्राच्या एका कांठीं देवळांतील पाण्यास नाणें कसें लावावें याची युक्ति ग्रंथांत लिहिली जात होती, दुसऱ्या कांठीं बिनमोल पाण्याच्या प्रपा बांधल्याचें खडकावर कोरलें जात होतें; दोन्ही लेखनांमध्यें अंतर असलेंच तर फार थोडें, आणि दोन्ही कांठांमध्यें जहाजांची ये-जा चालू होती. यावरून ‘तिकडे व्यापार, इकडे धर्म’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह आम्हांस होत नाहीं. उषवदाताचा लेख हा दात्याचाच लेख आहे. पाणी पिणाराचा त्यांत शब्दहि नाहीं.

प्रपेची परंपरा उषवदाताहून बरीच जुनी आहे. मूळचा टोपरा येथील व आतां दिल्लीस असलेल्या स्तंभावर अशोकाचा सातवा स्तंभलेख आहे. त्यांत राज्याभिषेकास सत्तावीस वर्षें झाल्यावर अशोकानें आपल्या कृत्यांचें सिंहावलोकन केलें आहे. रस्त्यांच्या कडेस वड लाविले, आंबराया लाविल्या, ठराविक अंतरानें विहिरी खणविल्या आणि मनुष्यें व पशु यांच्या उपयोगासाठीं जागोजाग ‘आपानें’ करविलीं, असें तो सांगतो. विहिरींच्या अंतराविषयीं जो ‘अढकोसिक’ शब्द तेथें योजिला आहे, त्याचा अर्थ अर्धा कोस कीं आठ कोस, यावर विद्वानांचा वाद आहे. आठ कोस ही साधारण एका दिवसाची मजल. मजलीच्या शेवटीं विहीर असणें युक्तच. परंतु भर उन्हांत वाट चालणाऱ्या बैलांनीं मध्यंतरीं काय करावें, हा प्रश्न उरतो. पुढें आपानांचा वेगळा उल्लेख आला आहे तो या मधल्या तहानेसाठींच असावा, असें आम्हांस वाटतें. संस्कृतांत ‘आपान’ म्हणजे मद्यपानाची बैठक असाहि अर्थ होतो. पण सोय पशूंसाठींहि केलेली असल्यामुळें येथें ती शंका घेण्याचें कारण नाहीं.

मराठींतील ‘पाणपोई’ या शब्दांतील ‘पोई’ ही संस्कृत ‘प्रपा’, प्राकृत ‘पवा’ या मार्गानें आली असावी असें आमचें मत आहे. कान्हेरीच्या लेखांतून पाण्याच्या टाक्यास ‘पोढि’ म्हटलेलें आढळतें. तिचा आणि पोईचा घोटाळा कोणी करूं नये. पोढि हें सांठवणाचें स्थान, पोई हें देण्याचें. प्रपेवर पाणी घालणाऱ्या स्त्रीस हालाच्या गाथासप्तशतींत ‘पावालिआ’ म्हटलें आहे. तेथील एक गाथा रसिकांस सुपरिचित आहे. वाटसरू डोळे वर करून, बोटें विरळ धरून सावकाश पाणी पितो, म्हणजे ओंजळींतलें पाणी गळून जावें व पिणें लांबावें. ती पावालिआहि तशीच, मुळांत बारीक असलेली धार आणखी बारीक करीत जाते. अलंकारशास्त्रज्ञ यांत शृंगार पाहतात व तो आहेच. आम्हांस मात्र तींत दोन हजार वर्षांपूर्वींच्या महाराष्ट्रांतील पोईवरची पाणी पिण्याची रीति जशीच्या तशी दिसते. भांडें वर, ओंजळ खालीं, मध्यें धार. बाणभट्टानें हर्षचरिताच्या सातव्या उच्छ्वासांत विंध्याटवीच्या तोंडावरील प्रपा वर्णिल्या आहेत. त्यांतील कर्करी, कलशी, अलिंजर या जलपात्रांच्या नांवांवरून रांजण, घागर, झारी यांचा मेळ लावून पाहणें हा एका स्वतंत्र लेखाचा विषय होईल.

प्रपेचें महत्त्व स्मृतिकारांसहि मान्य होतें. विहिरीवरचा दोर किंवा घडा चोरणारास व प्रपा फोडणारास मनूनें आठव्या अध्यायांत एक माष दंड सांगून ती वस्तु परत भरून देण्यास लाविलें आहे. याहून विचारार्ह वचन दहाव्या अध्यायांत आहे. आपत्कालीं वैश्यवृत्तीनें निर्वाह करणाऱ्या वरच्या वर्णांनीं कोणत्या वस्तु विकूं नयेत, याची जी यादी तेथें चालते, तींतील एका श्लोकाचा आरंभच पाण्यानें झाला आहे. शस्त्र, विष, मांस हीं त्याच्या मागून येतात. निषेध केला त्या अर्थीं विकणारेहि कोणी असले पाहिजेत, हें उघड आहे. पुढील काळांत पखालीवाले भिस्ती आणि घरोघर पाणी भरणारे पाणके हे मोबदला घेत, पण तो पाण्याचा नव्हे, वाहण्याच्या कष्टाचा, अशी समजूत होती. ही समजूत पुसट वाटली तरी तिच्याकडे दुर्लक्ष करूं नये. आजच्या यंत्राचा मालकहि तेंच म्हणतो: पैसा पाण्याचा नव्हे, शुद्ध करण्याचा! शास्त्र्यांच्या सभेंत हा वाद दोन दिवस सहज पुरला असता.

आतां ‘सर्वांस’ या शब्दाकडे वळूं. गाथेंतील वाटसरू ओंजळीनें पितो, यावरून त्या काळीं अमुक जातीस भांडें दिलें जात नसे असें अनुमान काढणें साहसाचें होईल. ओंजळीनें पिणें हें सोयीचेंहि असतें. पण अलीकडच्या शतकांविषयीं अशी शंका राहत नाहीं. पुष्कळ पोयांवर पाणी घालण्यास मुद्दाम ब्राह्मण ठेवीत, म्हणजे त्याच्या हातचें सर्व सवर्णांस चाले. आणि ज्यांस शिवावयाचें नसे त्यांस तेंच पाणी बांबूच्या किंवा पत्र्याच्या पन्हळींतून दुरून घातलें जाई. अशी एक गंजलेली पन्हळ एका गांवच्या पोईच्या भिंतीस टेकून ठेवलेली आम्हीं लहानपणीं पाहिली आहे. तेव्हां ती वापरांत नव्हती. पण ती कशासाठीं, हें विचारल्यावर वडील माणसांनीं विषय बदलला, एवढें आठवतें. ब्रिटिश अमदानींत रेल्वे आली तेव्हां तिच्या स्थानकांवर, विशेषतः उत्तरेकडे, ‘हिंदु पाणी’ व ‘मुसलमान पाणी’ असे वेगळे घडे आणि वेगळे पाणी पाजणारे असत. गाडी एक, रूळ एक, पाणी दोन.

पुण्याचें उदाहरण आपल्या अगदीं घरचें आहे. नानासाहेब पेशव्यांनीं इ. स. १७५० च्या सुमारास कात्रजच्या तलावांतून बांधीव नळानें शहरांत पाणी आणिलें. पुढें नाना फडणविसांनीं आंबेगांवाकडून दुसरा नळ आणून सदाशिव पेठेचा हौद भरला. नळाच्या मार्गावरील उसासे, हौदांची मांडणी, नुसत्या उतारावर चालणारा प्रवाह, या सर्वांची वाखाणणी पुष्कळांनीं केली आहे व ती यथार्थ आहे. या पाण्यास पट्टी नव्हती, पैसा नव्हता. तथापि इ. स. १८६८ मध्यें जोतीराव फुल्यांनीं आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठीं खुला केला, ही गोष्ट त्या हौदांच्या वैभवाबरोबरच लिहिली पाहिजे. शहरभर वाहतें पाणी असतां एका गृहस्थास आपला खाजगी हौद मोकळा करावा लागतो, यांतच सार्वजनिक हौदांची कथा आली.

महाडच्या चवदार तळ्याचे कागद तर कोर्टांतलेच आहेत, त्यामुळें तेथें अनुमानाचें कामच नाहीं. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले असावेत असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलानें १९२३ सालीं संमत केला. महाडच्या नगरपालिकेनें १९२४ सालीं तळें खुलें केल्याचा ठराव केला. ठराव वहींत राहिला. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांचे सहकारी यांनीं प्रत्यक्ष जाऊन तें पाणी प्याल्यावर सनातनी मंडळींनीं पंचगव्यानें तळ्याची शुद्धि केली आणि तळें खाजगी असल्याचा दावा लाविला. दावा मुंबई हायकोर्टापर्यंत गेला व १९३७ सालीं निकाल डॉ. आंबेडकरांच्या बाजूनें लागला. अन्यधर्मीयांस त्या तळ्याचें पाणी घेण्यास मज्जाव नव्हता, हें या प्रकरणांत पुढें आलेलें विशेष. शुद्धि कशाची करावयाची, याविषयींची त्या काळची कल्पना यावरून दिसते: पाणी गढूळ आहे कीं निवळ, हा प्रश्नच कोणीं काढला नाहीं. पुढें २६ जानेवारी १९५० रोजीं अंमलांत आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमांत विहिरी, तळीं व घाट यांचा नांवानिशीं उल्लेख करून हा भेद बंद करण्यांत आला.

पाण्याच्या गुणाविषयीं आपले पूर्वज उदासीन होते असा मात्र याचा अर्थ नव्हे. सुश्रुतानें सूत्रस्थानाच्या पंचेचाळीसाव्या अध्यायांत गढूळ पाणी निवळण्याचे सात उपाय दिले आहेत; त्यांत कतकाचें बीं, म्हणजे आपली निवळी, पहिली. तापविणें, उन्हांत ठेवणें, तापलेलें लोखंड बुडविणें हेहि प्रकार तेथें आहेत. वराहमिहिरानें बृहत्संहितेच्या दकार्गल प्रकरणांत खारट, कडू वा दुर्गंधि पाण्याच्या विहिरींत घालण्यासाठीं अंजन, नागरमोथा, वाळा, आंवळा इत्यादींचें चूर्ण निवळीसह सांगितलें आहे. निवळीची बीं रांजणाच्या आंतल्या अंगास उगाळण्याची चाल आमच्या आजीच्या पिढीपर्यंत चालू होती. आजच्या जलशुद्धीकरण केंद्रांत तुरटी घालून गाळ खालीं बसवितात, त्यांतील तत्त्व तेंच आहे; बारीक कण एकमेकांस चिकटून जड होतात व तळाशीं जातात.

पण निवळ म्हणजे निर्दोष नव्हे. येथें जुन्या बारवांचें कौतुक करणाऱ्या आमच्या मित्रांस, आणि त्यांत आम्हीहि आलोंच, एक अप्रिय गोष्ट सांगणें भाग आहे. नारूचा रोग पायऱ्यांच्या विहिरींतून पसरत असे. रोग्यानें पाय पाण्यांत बुडविला कीं त्याच्या जखमेंतून किड्यांचीं अंडीं नव्हे तर सूक्ष्म पिलें पाण्यांत सुटत. तीं डोळ्यांस क्वचितच दिसणाऱ्या जलकीटकांच्या पोटांत जात, आणि असें पाणी न गाळतां पिणारास सुमारें वर्षभरानें नारू होई. ज्या बारवेची कमान, कोनाडे आणि शिलालेख आपण टिपून घेतों, तिच्याच पायऱ्या हें त्या रोगाचें घर होतें. पायऱ्या बंद करून पाणी रहाटानें किंवा पंपानें काढणें आणि पाणी दुहेरी वस्त्रानें गाळणें, या साध्या उपायांनीं तो हटला. भारतांतील शेवटचा रोगी १९९६ सालीं नोंदला गेला व २००० सालीं देश नारूमुक्त जाहीर झाला. वस्त्रानें गाळलेलें पाणी प्यावें, हा मनूनें यतीस सांगितलेला नियम सूक्ष्म जीवांच्या रक्षणासाठीं होता. तो पाळणारा यति नारूपासूनहि वांचत असे.

मुंबईस विहारचें पाणी १८६० सालीं आलें, तुळशीचें १८७९ सालीं, तानशाचें १८९२ सालीं. पुण्यास खडकवासल्याचा जलाशयहि १८७९ चाच. विहार आणि तुळशी हीं तळीं ज्या डोंगरांत आहेत, त्याच डोंगरांत कान्हेरीचीं लेणीं व त्यांच्या पोढी आहेत. पावसाचें पाणी खडकांत अडवून ठेवण्यास ती जागा योग्य आहे, हें भिक्षूंनीं मुंबईच्या इंजिनियरांच्या फार पूर्वीं ताडलें होतें. नळ आले तरी सोवळ्याच्या घरांत बरेच दिवस त्यांचें पाणी देवास चालत नसे. तोटींतील चामड्याचा वायसर ही अडचण. पुढें वायसर रबराचे झाले आणि सोवळेंहि सैल झालें. नळाच्या पाण्यावरचा तो अविश्वास गेला व आतां दुसरा आला आहे. भारतीय मानक ब्यूरोनें केलेल्या व नोव्हेंबर २०१९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या तपासणींत मुंबईच्या नळांचे नमुने सर्व कसोट्यांस उतरले, दिल्लीचे अनेक कसोट्यांस उतरले नाहींत. असें असूनहि मुंबईंत लोक बाटल्या विकत घेतात. याचें कारण केवळ जाहिरात नव्हे. पाणी केंद्रांतून निघतें तें एक, व घागरींत पडतें तें दुसरें. पुरवठा दिवसांतून कांहीं तासच असला म्हणजे रिकाम्या नळांत फटींतून बाहेरची घाण ओढली जाते. इमारतीच्या टाक्या वर्षानुवर्षें धुतल्या जात नाहींत. अशा मिसळण्यावर उतारा म्हणून नळाच्या टोंकाशींहि लिटरमागें निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलें पाहिजे असें भारतीय मानक सांगतें. त्याचा जो वास लोकांस नको असतो, तोच खरें पाहतां रक्षकाच्या काठीचा आवाज.

नाण्याच्या यंत्रांत बहुधा उलट परासरणाची, लोक ज्यास आरओ म्हणतात ती, योजना असते. दाबाखालीं पाणी अतिसूक्ष्म पडद्यांतून ढकलतात. क्षार मागें राहतात. जेथें भूगर्भांतील पाण्यांत फ्लोराइड आहे, जसें यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील कित्येक गांवीं, तेथें निवळी, वस्त्र व क्लोरीन या तिघांचाहि उपयोग नाहीं. पाणी आरशासारखें स्वच्छ असतें आणि दांत व हाडें बिघडवितें. मानकाप्रमाणें लिटरमागें १ मिलिग्रॅम फ्लोराइड चालतें, दुसरी सोयच नसेल तर १.५ पर्यंत. अशा गांवीं यंत्र हें मोठेंच साधन आहे, याविषयीं आम्हांस शंका नाहीं. जेथें पाणी मुळांत गोडें आहे तेथें मात्र तेंच यंत्र चांगलें पाणी गाळून त्यांतला मोठा भाग गटारांत सोडतें. विरघळलेले क्षार लिटरमागें ५०० मिलिग्रॅमांहून कमी असतील तेथें हीं उपकरणें बंद करावीं, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादानें मे २०१९ मध्यें दिला होता तो याच कारणानें.

रेल्वेनें २०१५ च्या सुमारास आपल्या स्थानकांवर हीं यंत्रें आणिलीं. आरंभीचा दर, भांडें आपलें असल्यास, ३०० मिलिलिटरास १ रुपया व लिटरास ५ रुपये असा होता. २०२० च्या टाळेबंदींत तीं थांबलीं, आणि कित्येक ठिकाणीं पुन्हा सुरू झालीं नाहींत. खेड्यांतील यंत्र वेगळें. आमच्या पाहण्यांतील एका गांवीं पांच रुपयांचें नाणें टाकलें कीं वीस लिटरांचा जार भरतो. हीरोच्या यंत्रासहि पांचाचेंच नाणें लागे, हा योगायोग आम्हीं तेथील मुलांस सांगितला; त्यांस तो फारसा आवडला नाहीं, जार भरण्याची त्यांस घाई होती. त्या रांगेंत कोण कोणाच्या पुढें उभें आहे, हें आम्हीं मुद्दाम पाहिलें. पन्नास वर्षांपूर्वीं ज्या दोन आळ्यांचे पाणवठे निराळे होते, त्यांतील माणसें एकाच तोटीखालीं जार लावीत होतीं. यंत्रानें कोणास आडनांव विचारलें नाहीं. त्यानें नाणें तेवढें विचारलें. रांगेच्या बाजूस एक म्हातारी रिकामा जार घेऊन बसली होती. सुटे पांच रुपये कोणाकडून मिळतील याची ती वाट पाहत होती. पोईवर तिला पाणी मिळालें असतें, कदाचित् पन्हळींतून. दुसऱ्या एका स्थानकावर यंत्राच्या शेजारचा जुना नळ, यंत्र आल्यापासून, कोरडा असल्याचें हमालांनीं आम्हांस सांगितलें. बिनमोल पाणी बंद करून विकाऊ पाणी उभें करणें हें उषवदाताच्या काळच्या कोणत्याहि स्मृतींत बसत नाहीं, आणि आजच्या कोणत्याहि कसोटीवर आम्हांस तें योग्य वाटत नाहीं.

या विषयाची साधनें जमा करणें हें आतां निकडीचें झालें आहे. पोईचा खर्च जुन्या घराण्यांच्या, देवस्थानांच्या व पेढ्यांच्या जमाखर्चाच्या वह्यांत, बहुधा चैत्र-वैशाखाच्या बाबींत, किरकोळ म्हणून पडलेला असतो. वह्या चाळतांना तिकडे नजर जात नाहीं. तेथें पाणी घालणाराचें नांव, जात, वेतन, रांजणांची संख्या व पन्हळीचा खर्च असल्यास तोहि, अशा नोंदी अक्षरशः उतरून घ्याव्यात. त्यांतील अडचणीचे शब्द गाळूं नयेत. शहरांतून दगडी पाणपोया, ज्यांस मुंबईंत प्याऊ म्हणतात, त्या रस्तारुंदींत नाहींशा होत आहेत. मशीद बंदराजवळच्या भात बाजारांतील केशवजी नायकांचें १८७६ चें कारंजें दुरुस्त होऊन उभें आहे, पण असें भाग्य थोड्यांचें. त्यांवरील पाट्यांत दात्याचें नांव, कोणाच्या स्मरणार्थ, कोणासाठीं, हें कोरलेलें असतें. ‘कोणासाठीं’ या शब्दांकडे विशेष लक्ष द्यावें. नाण्याच्या यंत्रावर असा लेख नसतो. त्याचा कागद म्हणजे ग्रामपंचायतीचा ठराव आणि दरपत्रक. तेंहि पांच-दहा वर्षांत रद्दींत जाईल. ज्या संग्राहकांजवळ पोई, हौद वा पाणपट्टी यांसंबंधीं मोडी किंवा बाळबोध कागद असतील, त्यांनीं त्यांच्या नकला, आणि शिलालेख असल्यास ठसे, मंडळाकडे पाठवावेत. ठसा घेतांना दगड आधीं पाण्यानें धुवावा लागतो. तें पाणी कोठून आणिलें, हेंहि टिपणांत लिहिल्यास हरकत नाहीं.